चार रंगांतला सावळा चेहरा

व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकाला अलीकडे गेलेल्या कुणालाही ‘झॉर्न पॅलेट’ हे शब्द नवे नसतील. मॉडेल समोर बसलेले असते. चित्रकार पॅलेटवर पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक असे चारच रंग काढतो आणि दोन-अडीच तासांत तैलरंगातला चेहरा उभा करतो. निळा नाही, हिरवा नाही, तपकिरी नाही. विद्यार्थी चारही नावे वहीत उतरवून घेतात. नावे इंग्रजी, पद्धत स्वीडिश आणि मॉडेल बहुधा जवळपासच्या वस्तीतला एखादा मुंडासेवाला म्हातारा. या तिघांचा एकमेकांशी मेळ कसा बसतो, हे मात्र कुणी विचारताना दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आंदर्स झॉर्न (1860–1920) हा स्वीडनमधल्या मोरा गावचा चित्रकार. ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि विल्यम टाफ्ट या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची व्यक्तिचित्रे त्याने केली. 1896च्या त्याच्या आत्मचित्रात हातातल्या पॅलेटवर मोजकेच रंग दिसतात आणि ही पद्धत त्याच्या नावावर जमा व्हायला मुख्यतः ते चित्र कारण झाले. त्याच्या इतर चित्रांतले पाणी आणि गवत पाहिले तर निळा-हिरवा त्याला वर्ज्य नव्हता हे उघड आहे. म्हणजे ‘झॉर्न पॅलेट’ हा झॉर्नचा नेम नव्हता. चेहरा आणि काळोख्या खोल्या रंगवतानाची ती त्याची सोय होती. सोयीचा नियम शिष्यांनी केला. असे सगळीकडेच होते.

‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ अशी बढाई मला मारायची नाही. चार रंगांत काम करणे ही कोणत्याच देशाची मालकी नव्हे. 1841मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने दाबून रंग काढायच्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले. तोवर बहुतेक चित्रशाळांत रंग घोटूनच घ्यावा लागे, आणि जो घोटतो तो मोजूनच घोटतो. माझी तक्रार वेगळी आहे. झॉर्नच्या नावाबरोबर झॉर्नसमोर बसलेला चेहराही आपल्याकडे आला. पॅलेटवर कोणते चार रंग आहेत याइतकेच त्यांतला पहिला हात कशाला लागतो हे महत्त्वाचे असते. उत्तर युरोपातल्या गोऱ्या चेहऱ्याला पांढऱ्यापासून सुरुवात करणे रास्त आहे: भरपूर पांढरा, त्यात चिमूटभर हिंगूळ, थोडी पिवडी, आणि सावलीकडे जाताना काळा. हाच क्रम आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्याला लावला की आधी एक गोरा माणूस रंगवला जातो आणि मग त्याला मळवले जाते. आपल्या सभागृहांतल्या कित्येक तैलचित्रांना जी राखेची कळा आली आहे, तिचे मूळ मला या क्रमात दिसते.

आता ही चार नावे आपल्या बोलीत आणून पाहू. यलो ऑकर म्हणजे पिवडी. व्हर्मिलियन म्हणजे हिंगूळ, पाऱ्याचा आणि गंधकाचा संयोग. शेंदराशी त्याची गल्लत होते, पण शेंदूर शिशाचा. काळ्याला काजळी आणि पांढऱ्याला सफेदा. मी राहतो त्या इतवारीत पिवडी आणि तिची बहीण गेरू अजून वजनावर मागता येतात, कुंडीला लावायला किंवा तुळशीवृंदावनाला. (काळ्या-पिवळ्याचे नाते इतवारीला समजावून सांगायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इथल्याच रस्त्यांवरून जातात.) हे शब्द वापरल्याने चित्र चांगले होते असे नव्हे. पण पिवडी म्हटले की माती आठवते आणि यलो ऑकर म्हटले की ट्यूब आठवते, आणि सावळ्या त्वचेच्या बाबतीत मातीकडून सुरुवात करणारा अर्धे काम जिंकलेला असतो.

चार रंगांची सर्वांत जुनी प्रसिद्ध चर्चा रोमन लेखक प्लिनीची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या पस्तिसाव्या भागात तो सांगतो की अपेलिस आणि त्याच्या बरोबरीच्या ग्रीक चित्रकारांनी अजरामर चित्रे केवळ चार रंगांत केली: पांढरा, पिवळी माती, तांबडी माती आणि काळा. पुढे तो कुरकुरतो की आता भिंतींवर जांभळा चढला, हिंदुस्थान आपल्या नद्यांचा चिखल पाठवतो, आणि तरी थोर चित्र म्हणून काही होत नाही. तो चिखल म्हणजे नीळ, असे अभ्यासक मानतात. गंमत अशी की ज्या देशावर त्याने रंगांच्या उधळपट्टीचा ठपका ठेवला, त्याच देशातल्या भरताच्या नाट्यशास्त्रात नटाचा चेहरा रंगवण्यासाठी मूळ रंग चारच दिले आहेत: सित, नील, पीत आणि रक्त. बाकीचे मिश्रणाने करायचे. पांढरा आणि पिवळा मिळून पांडू, पांढरा आणि तांबडा मिळून पद्म, पिवळा आणि निळा मिळून हरित. आणि गौर? तो तांबडा आणि पिवळा मिळून.

गौर वर्णात भरताने पांढरा घातलेला नाही. तो रंग मुखवट्यासारखा नटाच्या तोंडाला लावायचा आहे, तैलचित्रात नव्हे, हे मान्य. तरीही गोरेपणाची कल्पना पिवडी आणि गेरूतून करणारा डोळा एक आणि ती पांढऱ्या-गुलाबीतून करणारा डोळा दुसरा. या दोन डोळ्यांमधला फरक मला आपल्या व्यक्तिचित्रणाच्या इतिहासात कळीचा वाटतो.

पहिला डोळा कसा पाहतो याचा पुरावा अजिंठ्यात आहे. पाचव्या शतकातली लेणी वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या, म्हणजे आपल्या वाशीमच्या, राजवटीत घडली. सोळाव्या लेण्यातला वराहदेवाचा शिलालेख त्याची साक्ष देतो. तो हरिषेण राजाचा मंत्री. तिथली रंगसामग्री गेरू, पिवडी, काजळी, पांढरी माती किंवा चुना, आणि बेसॉल्ट खडकातच सापडणारी हिरवी माती. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द मात्र दुरून आणलेला. नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या त्याआधी कित्येक शतके रंगवलेल्या चित्रांत हा निळा सापडत नाही, तो नंतरच्या काळात येतो. म्हणजे मोजून पाच-सहा रंग, आणि त्यांतले बहुतेक पायाखालचे.

या पाच-सहा रंगांत माणसांच्या त्वचेचे किती प्रकार केले आहेत ते पाहावे. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या शेजारी जी काळी राजकन्या आहे, ती गोऱ्या स्त्रीवर सावली पाडून केलेली नाही. तिचा रंग मुळातच गडद मातीचा आहे. तो तळाशी घातला आहे, आणि उजेड नाक, ओठ, हनुवटी अशा मोजक्या ठिकाणी वरून ठेवला आहे. एकाच गर्दीत गव्हाळ, तांबूस, सावळे, हिरवट-काळे असे चेहरे येतात आणि कुठलाही चेहरा दुसऱ्याचा मळका अवतार वाटत नाही. रंग थोडे असले की प्रत्येक रंगाला शेजाऱ्याच्या आधाराने बोलावे लागते. तांबड्या पार्श्वभूमीवर तीच पिवडी हिरवट दिसते आणि हिरव्या मातीवर तीच तांबूस. मोजक्या रंगांच्या पॅलेटचे सगळे गणित या शेजारावर चालते.

ही चित्रे तैलरंगात उतरवण्याचे काम आपल्याच लोकांनी केले आहे. 1857 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांच्या तुकड्या अजिंठ्याला नेऊन कॅनव्हासवर प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच 1885मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या प्रतिकृतीही 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या, आणि तो स्वतः भुसावळला मातीआड झाला. ग्रिफिथ्सच्या तुकडीतले पेस्तनजी बोमनजी पुढे मुंबईच्या तैलचित्रणातले मोठे नाव झाले. म्हणजे गेरू-पिवडी-काजळीचा सावळा चेहरा जवसाच्या तेलात कसा करायचा, हे वर्षानुवर्षे भिंतीसमोर उभे राहून शिकलेली एक पिढी आपल्याकडे होती. ते शिक्षण व्यक्तिचित्रणाच्या वर्गात का उतरले नाही?

माझे उत्तर सरळ आहे. भिंतीची नक्कल हा इतिहासाचा विषय मानला गेला आणि व्यक्तिचित्र हा उपजीविकेचा. उपजीविका देणारे गिऱ्हाईक साहेब, पारशी शेठ आणि संस्थानिक. पेस्तनजींच्या पारशी घरांतल्या चित्रांना अजिंठ्याच्या सावळेपणाची गरजच पडली नाही. वर्गात जे शिकवले गेले त्याचे नाव ‘फ्लेश’, मांसाचा रंग. ‘फ्लेश टिंट’ या नावाची फिकट गुलाबी ट्यूब आपल्या बाजारातही वर्षानुवर्षे विकली गेली आणि ती घेणाऱ्या सावळ्या हातांना त्यात विसंगती वाटली नाही. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या ‘फ्लेश’ खडूचे नाव 1962मध्ये बदलून ‘पीच’ केले. आपण तेवढेही मनावर घेतले नाही.

याला अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. गोव्यातल्या सांगे इथे 1870 साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद जे. जे.मध्ये शिकले, तिथेच शिकवले, आणि ‘पूर्वेचे रेम्ब्रां’ म्हणून ओळखले गेले. बिरुद जरा भडक आहे, पण त्यामागे निरीक्षण खरे आहे. त्रिंदादांची सावली काळी नसते, ती तपकिरी आणि ऊबदार असते, आणि चेहरा त्या सावलीतूनच वर येतो. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीला आहे. मराठी वाचकाने गोव्याच्या सहलीत अर्धा दिवस त्यासाठी राखावा. दुसरे नाव अमृता शेरगिल. 1935च्या ‘तीन मुली’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक 1937मध्ये मिळाले. त्या मुलींची कातडी विटकरी-तपकिरी मातीची आहे आणि तिच्यात गुलाबीचा मागमूस नाही. शेरगिलची पॅलेट काही चार रंगांची नव्हती. अजिंठा पाहून आल्यावरच्या 1937च्या ‘ब्रह्मचारी’त पांढरा भरपूर आहे, पण तो धोतरांत आहे, अंगांत नाही.

आता कुंचल्याकडे येऊ, कारण इथवरचे सगळे बोलणे कॅनव्हासवर टिकले पाहिजे.

सावळ्या चेहऱ्याला तळाचा रंग पांढऱ्याविना करून पाहावा. हिंगूळ, पिवडी आणि काजळी यांचे मिश्रण, शक्य तर हिंगुळाऐवजी गेरू. हिंगूळ तेजस्वी आहे, तो ओठ, कानाची पाळी, नाकपुडीची कड यांसाठी राखावा. पिवडीत काजळी मिसळली की शेवाळी हिरवा तयार होतो, आणि सावळ्या माणसाच्या जबड्याखाली, डोळ्यांच्या खोबणीत, कपाळाच्या कडेला नेमका हाच हिरवा असतो. गोऱ्या चेहऱ्याच्या पाठात त्या जागी करडा-जांभळा सांगितलेला असतो. तो आपण मुकाट्याने लावतो आणि चेहरा आजारी दिसतो.

मग पांढरा कुठे? सावळी, विशेषतः घाम किंवा तेल असलेली त्वचा उजेड आरशासारखा परत फेकते. कपाळावरची चमक त्वचेच्या रंगाची नसते, खिडकीतल्या आभाळाच्या रंगाची असते, म्हणून ती थंड आणि निळसर असते. इथे काजळीचा खरा गुण कळतो. दिव्याच्या काजळीत पांढरा घातला की निळ्याकडे झुकणारा करडा मिळतो. हाडे जाळून केलेला काळा त्या मानाने तपकिरीकडे झुकतो. निळी ट्यूब नसलेल्या पॅलेटवर निळा असा येतो. पांढऱ्याचे काम त्वचा करणे नव्हे, त्वचेवर पडलेला उजेड दाखवणे, असे मी म्हणेन. झॉर्न, व्हेलाझ्क्वेझ यांच्या काळी पांढरा शिशाचा होता, किंचित पारदर्शक आणि नरम. आज बहुतेकांच्या हाती असलेला टायटॅनियम पांढरा पहिल्या महायुद्धानंतरचा. त्याची झाकण्याची ताकद एवढी की वाटाणाभर गेला तरी मिश्रण खडूसारखे होते. जुन्या चित्राची कृती नव्या पांढऱ्याने केली की ती फसते, आणि दोष चार रंगांवर जातो.

व्हेलाझ्क्वेझचे नाव उगाच घेतलेले नाही. 1650 साली रोममध्ये त्याने हुआन दे पारेहाचे चित्र केले. पारेहा आफ्रिकी वंशाचा, त्याच्या चित्रशाळेत राबणारा गुलाम, पुढे स्वतः चित्रकार. त्याच वर्षी व्हेलाझ्क्वेझने त्याच्या मुक्ततेचा कागद केला. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या या चित्रात राखाडी-हिरवट पार्श्वभूमी, करडे कपडे आणि पांढरी कॉलर यांपलीकडे फारसे काही नाही. कपाळावरचा एक उजेडाचा ठिपका आणि त्याभोवतीची तांबूस-तपकिरी त्वचा एवढ्यावर तो माणूस आपल्याकडे बरोबरीने पाहतो. पांढरा कुठे साठवला आहे? कॉलरमध्ये. अजिंठ्यातल्या अनाम चित्रकाराला हे चित्र परके वाटले नसते.

जाता जाता तेलाबद्दल. तैलरंग परका मानणाऱ्यांनी विदर्भातल्या स्वयंपाकघरात डोकवावे. जवसाची चटणी आपल्याकडे रोजची आणि जवसाचे तेल जुन्या पिढीच्या जेवणातले. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून जवस मुंबईमार्गे युरोपला जात असे. तिथल्या रंगांत आणि वॉर्निशांत हेच तेल लागे. ते उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. मातीचे रंग, विशेषतः लोह-मँगनीज असलेले, त्यात लवकर वाळतात. काजळी तेल फार पिते आणि ओलीच राहते. म्हणून काजळीचा जाड थर तळाशी घालू नये, वरचा थर लवकर वाळून पुढे तडकतो. सभागृहांतल्या तैलचित्रांत कोटावर पडलेले जाळे बघितले की बहुधा हेच झालेले असते.

आता कोटाविषयी. फुले, टिळक, आंबेडकर यांची जी तैलचित्रे आपण शाळांत आणि कचेऱ्यांत पाहतो, ती बहुतांशी कृष्णधवल छायाचित्रांवरून केलेली आहेत. म्हणजे त्वचेचा रंग छायाचित्राने दिलेला नाही, तो चित्रकाराने निवडलेला आहे. भर म्हणजे जुन्या काचांना आणि फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे तांबूस-तपकिरी चेहरा वास्तवापेक्षा काळा उमटे. मग स्टुडिओतला माणूस निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तो उजळ करी, आणि प्रतीवर हाताने रंग भरताना गालांना गुलाबी लावी. तैलचित्रकाराच्या हाती हा असा दोनदा बदललेला चेहरा येतो. तो तिसऱ्यांदा बदलतो.

धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवसांत दीक्षाभूमीच्या परिसरात बाबासाहेबांच्या चित्रांचे स्टॉल लागतात. तिथे फिरताना मी एकच गोष्ट मोजत असतो: चेहरा कशावर उभा आहे, पिवडीवर की गुलाबीवर. गुलाबीचेच राज्य आहे. बाबासाहेबांचा वर्ण नेमका कसा होता हा वाद मला घालायचा नाही. पण ज्यांनी वर्णाची उतरंड नाकारली त्यांचा चेहरा ‘फ्लेश टिंट’मध्ये रंगवताना चित्रकाराला एकदाही अडल्यासारखे होऊ नये, याचे नवल वाटते. भक्तीने केलेले काम आहे म्हणून समीक्षकांनी त्याकडे पाहिले नाही, आणि कलादालनाच्या बाहेरचे आहे म्हणूनही पाहिले नाही. मला या दोन्ही सबबी पटत नाहीत. या शहरात सर्वांत जास्त घरांच्या भिंतींवर असलेले व्यक्तिचित्र हेच आहे.

तिथे मोजक्या रंगांच्या पॅलेटची मर्यादाही उघडी पडते, आणि झॉर्नच्या भक्तांनी ती कबूल करावी. काजळी आणि सफेद्याचा करडा पिवडीच्या शेजारी निळा भासतो हे खरे, पण तो धुवट निळा. जुन्या सदऱ्याला चालेल, म्हाताऱ्याच्या फेट्याला चालेल. बाबासाहेबांच्या चित्रातला निळा कोट नागपुरात नुसता कपडा नाही, त्याचा रंग झेंड्याचा आहे, आणि भासाने तिथे भागत नाही. तिथे पाचवी ट्यूब उघडावी. अजिंठ्यातल्या लोकांनीही लाजवर्द दुरून मागवलाच होता. पैठणीच्या जांभळ्याला आणि पोपटी काठालाही हेच लागू. मोजके रंग हे व्रत नव्हे.

पण 14 ऑक्टोबर 1956च्या सकाळी, धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंद आहे त्याप्रमाणे, बाबासाहेब पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते. निळा नव्हता. हा प्रसंग चार रंगांच्या पॅलेटला पुरेपूर झेपणारा आहे, आणि इथे तिची शिस्त कामी येते. कोट पांढरा दिसायचा असेल तर पॅलेटवरचा पांढरा कोटासाठी राखून ठेवावा लागतो. कोटाच्या सावलीतल्या बाजूला काजळीचा निळसर करडा, उजेडाच्या बाजूला सफेद्यात किंचित पिवडी. त्या कोटाच्या वर गुलाबी-पांढरा चेहरा ठेवला तर कोटही मळका दिसतो आणि चेहराही पुसट होतो. चेहरा गेरू-पिवडीवर उभा केला, आणि पांढरा फक्त चष्म्याच्या काचेवर आणि कपाळाच्या कडेला ठेवला, तर दोन्ही आपापल्या जागी येतात.